अल्पपरिचित प्राइमरची विश्वासार्हता : काडतूस पुनर्भरणातील एका निर्णयाचा संख्याशास्त्रीय विचार

सारांश : वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरून घेणे हा अमेरिका व युरोपातील नेमबाजांमध्ये रूढ असलेला छंद आहे. २०२० नंतर परिचित कंपन्यांचे प्राइमर दुर्मीळ झाले आणि अल्पपरिचित प्राइमर विकत घेण्याची वेळ अनेकांवर आली. ते विश्वासार्ह आहेत की नाहीत, हे कसे ठरवावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा तांत्रिक व संख्याशास्त्रीय अंगांनी विचार केला असून, वापरून पाहताच नष्ट होणाऱ्या वस्तूची परीक्षा कशी करावी, हा त्यातील व्यापक प्रश्न अधोरेखित केला आहे.

बीजशब्द : प्राइमर, काडतूस पुनर्भरण, विश्वासार्हता, नमुना निवड, विध्वंसक चाचणी.

प्रस्तावना

विद्यार्थिदशेत एन.सी.सी.च्या फायरिंगच्या वेळी प्रस्तुत लेखकाच्या शेजारच्या कॅडेटने चाप ओढला आणि केवळ ‘खट्’ असा आवाज झाला. प्रशिक्षकांनी तत्काळ सर्वांना थांबविले. रायफलीची नळी लक्ष्याकडेच ठेवून ठरावीक वेळ वाट पाहण्यास सांगितले आणि मगच ते काडतूस बाहेर काढले. “काडतूस खराब निघाले,” एवढेच स्पष्टीकरण त्या दिवशी मिळाले. दोष काडतुसाचा होता की रायफलीचा, आणि त्याच खोक्यातील उरलेल्या काडतुसांवर विश्वास ठेवावा की नाही, हे प्रश्न त्या वेळी कोणी विचारले नाहीत. पुढे पदवी वर्गांना संख्याशास्त्र शिकविताना याच प्रश्नांकडे पुन्हा वळावेसे वाटले, कारण नमुन्यावरून समष्टीविषयी अनुमान करण्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच आढळते.

उद्दिष्टे

१) प्राइमरची रचना व त्याचा ऐतिहासिक विकास थोडक्यात स्पष्ट करणे.
२) ‘विश्वासार्हता’ या संकल्पनेचे प्राइमरच्या संदर्भातील घटक वेगळे करणे.
३) मर्यादित नमुन्यावरून निघू शकणाऱ्या व न निघू शकणाऱ्या अनुमानांची चर्चा करणे.
४) सामान्य वापरकर्त्यास उपयुक्त ठरेल अशी परीक्षणपद्धती मांडणे.

प्राइमर : रचना व विकास

आधुनिक काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, दारू, गोळी आणि पुंगळीच्या बुडाशी मध्यभागी बसविलेला प्राइमर. प्राइमर म्हणजे धातूची लहानशी वाटी. तिच्यात आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचा पातळ थर असतो. फायरिंग पिनचा घाव वाटीवर बसला की हे मिश्रण वाटी आणि आतील ‘ऐरण’ यांच्यामध्ये चिरडले जाते. त्यातून उठलेली ज्वाळा बारीक छिद्रावाटे पुंगळीत शिरते आणि दारू पेटविते. संपूर्ण काडतुसात वजनाने अत्यल्प असणाऱ्या या भागावर उरलेल्या तिन्ही भागांचे कार्य अवलंबून असते.

आपल्याकडील ठासणीच्या बंदुकीला लावतात ती ‘टोपी’ ही या प्राइमरची पूर्वज होय. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०० मध्ये पाऱ्याच्या फुल्मिनेटचे वर्णन रॉयल सोसायटीपुढे मांडले. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फोरसाइथ यांनी आघाताने पेटणाऱ्या चापयंत्राचे पेटंट १८०७ मध्ये मिळविले. त्यापूर्वीच्या चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी दारूवर पडावी लागे. पावसात व वाऱ्यात ती हमखास दगा देत असे. म्हणजे प्राइमरचा जन्मच मुळी विश्वासार्हतेच्या गरजेतून झाला.

आजचे दोन मुख्य प्रकार १८६० च्या दशकातील आहेत. अमेरिकेचे हायरम बर्डन यांच्या रचनेत ऐरण पुंगळीतच घडविलेली असते व ज्वाळेसाठी सामान्यतः दोन छिद्रे असतात. इंग्लंडचे एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत ऐरण प्राइमरमध्येच असते व पुंगळीत मध्यभागी एकच छिद्र पुरते. गंमत अशी, की अमेरिकनाची रचना युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत. बॉक्सर पुंगळीतील वापरलेला प्राइमर मधल्या छिद्रातून एका सुईने सहज बाहेर ढकलता येतो. घरगुती पुनर्भरण अमेरिकेत इतके फोफावले, त्यामागे या एका छिद्राचा वाटा मोठा आहे.

मिश्रणाच्या इतिहासातही विश्वासार्हतेचाच शोध दिसतो. पाऱ्याच्या संयुगामुळे पितळ ठिसूळ होई व पुंगळी पुन्हा वापरता येत नसे. पोटॅशियम क्लोरेटमुळे नळीत क्षार साचत, ते हवेतील आर्द्रता शोषून घेत आणि नळी गंजे. १९२० च्या दशकात जर्मनीत शिशाच्या स्टिफ्नेटवर आधारित न गंजविणारी मिश्रणे प्रचारात आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती बहुतेक ठिकाणी स्थिरावली. अलीकडे शिसेविरहित मिश्रणेही वापरात आहेत.

अल्पपरिचित म्हणजे कोण?

अमेरिकेत पुनर्भरण करणाऱ्यांच्या हाताशी अनेक दशके प्रामुख्याने चार नावे होती : सी.सी.आय., फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. २०२० साली करोनाच्या साथीच्या काळात शस्त्रे व काडतुसे यांची मागणी एकाएकी वाढली. त्याच वर्षी रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली. दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या व किमती कित्येक पटींनी चढल्या. मग बोस्नियातील गोराझदे येथील गिनेक्स, रशियातील मुरोम, इटलीतील फिओकी, चेक प्रजासत्ताकातील सेलिए अँड बेलो अशा नावांकडे ग्राहक वळले. रशियन मालाच्या नव्या आयात परवान्यांवर अमेरिकेने सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध घातल्याने त्यातील एक वाट पुढे अरुंद झाली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सेलिए अँड बेलो या संस्थेची मुळे १८२५ सालच्या प्रागमध्ये, टोप्या बनविण्याच्याच उद्योगात आहेत. फिओकीची स्थापना १८७६ ची आहे. जे एका बाजारपेठेत अल्पपरिचित, ते दुसऱ्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या वापरातले असू शकते. ‘माझ्या परिचयाचे नाही’ हे विधान वस्तूविषयी नसून पाहणाऱ्याविषयी आहे. मात्र याचा अर्थ परिचयाला काहीच मोल नाही असा नव्हे. परिचित नावामागे असंख्य वापरकर्त्यांचा दीर्घ अनुभव, म्हणजे एक प्रचंड नमुना, उभा असतो. अल्पपरिचित वस्तू घेताना ग्राहकाला हा नमुना उपलब्ध नसतो. तो त्याला स्वतः, स्वतःच्या खर्चाने उभा करावा लागतो. खरी अडचण ही आहे.

विश्वासार्हतेचे घटक

‘प्राइमर चांगला आहे’ या विधानात किमान चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात.

पहिली, पेटणे. योग्य घाव बसला असता तो पेटलाच पाहिजे. न पेटल्यास काडतूस फुसके निघते. क्वचित ते क्षणभर उशिराही उडते. म्हणूनच चाप ओढूनही गोळी न सुटल्यास नळी सुरक्षित दिशेला ठेवून किमान अर्धा मिनिट थांबण्याचा नियम आहे.

दुसरी, नको तेव्हा न पेटणे. वाटी फार मऊ वा मिश्रण फार संवेदनशील असेल, तर स्वयंचलित रायफलीत काडतूस आत सरकताना सैल फायरिंग पिनच्या हलक्या स्पर्शानेही ते उडू शकते. एम-१६ रायफलीच्या प्रारंभीच्या काळात, १९६३ च्या सुमारास, याच कारणाने फायरिंग पिनचे वजन कमी करण्यात आले. म्हणजे ‘अधिक सहज पेटणारा तो अधिक चांगला’ हा समज चुकीचा आहे. विश्वासार्हता दोन मर्यादांच्या मध्ये वसते.

तिसरी, सातत्य. प्रत्येक प्राइमरची ज्वाळा सारखी असेल तर गोळीचा वेग सारखा राहतो. दूरच्या लक्ष्यावर वेगातील फरक उंचीतील फरक होऊन दिसतो.

चौथी, मापाची अचूकता. बॉक्सर पद्धतीचे मोठे प्राइमर सुमारे ०.२१० इंच व लहान प्राइमर सुमारे ०.१७५ इंच व्यासाचे असतात. व्यासात वा उंचीत किंचित फरक पडला तरी ते पुंगळीत घट्ट किंवा सैल बसतात. लहान पिस्तूल व लहान रायफल प्राइमर बाह्य मापाने जवळजवळ सारखे असले, तरी त्यांच्या वाटीची जाडी व मिश्रण भिन्न असते. त्यामुळे माप जुळले म्हणजे प्राइमर जुळला, असे नाही.

कारखान्यातील परीक्षा

कारखान्यात संवेदनशीलता मोजण्यासाठी ठरावीक वजनाचा पोलादी गोळा निरनिराळ्या उंचीवरून पिनवर सोडतात. एका उंचीवर प्राइमर पेटला तर पुढच्या वेळी उंची एक पायरी कमी करतात, न पेटल्यास एक पायरी वाढवितात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनसिल्व्हेनियातील ब्रुसटन येथील स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत ही चढउताराची रीत विकसित झाली. डिक्सन व मूड यांनी तिचे गणित १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. तिच्यातून ज्या उंचीवर निम्मे प्राइमर पेटतील ती सरासरी उंची व तिचे प्रमाण विचलन मिळते. सरासरीत विचलनाची काही पट मिळविली की ‘सर्व पेटतील’ अशी वरची मर्यादा आणि वजा केली की ‘एकही पेटणार नाही’ अशी खालची मर्यादा अंदाजिता येते. समजा, सरासरी ५ इंच व विचलन ०.८ इंच आले. पाचपट विचलन मिळविल्यास वरची मर्यादा ९ इंच येते. बंदुकीच्या घावाची ऊर्जा याहून बरीच अधिक असेल तर निश्चिंत राहता येते.

या रीतीचे वैशिष्ट्य असे, की थोड्या नमुन्यांत पुष्कळ माहिती मिळते, कारण परीक्षा सीमेजवळ घेतली जाते. सामान्य ग्राहकाकडे मात्र असे यंत्र नसते. त्याच्यापाशी असते फक्त बंदूक, जी जवळजवळ नेहमीच भरपूर जोराचा घाव घालते. त्यामुळे त्याच्या परीक्षेत बहुतेक वेळा उत्तर ‘पेटला’ असेच येते आणि प्रत्येक उत्तरातून अत्यल्प माहिती मिळते.

शंभरपैकी शंभर : याचा अर्थ काय?

“शंभराची पट्टी वापरली, एकही फुसका निघाला नाही. प्राइमर उत्तम आहेत.” हे अनुमान सामान्यतः याच स्वरूपात ऐकू येते. द्विपद वितरणाच्या साहाय्याने ते तपासून पाहू.

समजा, त्या लॉटमधील खरे दोषप्रमाण शेकडा १ आहे. तरीही १०० पैकी १०० पेटण्याची संभाव्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के आहे. शेकडा २ दोष असलेला लॉटही दर आठ वेळांतून सुमारे एकदा ही परीक्षा निर्दोष उत्तीर्ण होईल. उलट बाजूने पाहता, n परीक्षांत शून्य दोष आढळल्यास ९५ टक्के विश्वासपातळीवर खऱ्या दोषप्रमाणाची वरची मर्यादा सुमारे ३ भागिले n इतकी येते. संख्याशास्त्रात हा ‘तीनाचा नियम’ म्हणून ओळखला जातो. त्यानुसार १०० निर्दोष परीक्षांवरून ‘दोष ३ टक्क्यांहून कमी असावेत’ एवढेच म्हणता येते. १ टक्क्याखाली म्हणण्यास ३०० आणि ०.१ टक्क्याखाली म्हणण्यास ३,००० निर्दोष परीक्षा लागतात. २० परीक्षांवरून मर्यादा सुमारे १४ टक्के येते, तर ५ परीक्षांवरून तब्बल ४५ टक्के!

येथेच विध्वंसक चाचणीची कोंडी समोर येते. प्राइमर एकदाच पेटतो. जो तपासला तो संपला आणि जो उरला तो न तपासलेलाच राहिला. एक हजाराचा खोका घेणाऱ्याने तीनशे तपासले तर सातशेविषयी ‘एक टक्क्याखाली’ एवढीच खात्री मिळते. शंभर टक्के खात्री हवी असेल तर शंभर टक्के माल संपवावा लागेल आणि मग त्या खात्रीचा उपयोग कोणालाच नाही.

तुलनेतही अशीच दक्षता हवी. परिचित ५० प्राइमरपैकी एकही फुसका निघाला नाही व अल्पपरिचित ५० पैकी ३ निघाले, तर फरक सिद्ध झाला असे वाटते. परंतु दोन्ही प्रकार सारखेच असते आणि तीन दोष केवळ योगायोगाने विखुरले असते, तरी तिन्ही अल्पपरिचित गटातच पडण्याची संभाव्यता सुमारे १२ टक्के आहे. दोष पाच असते तर ती ३ टक्क्यांच्या खाली आली असती आणि संशयास बळ मिळाले असते.

वेगाच्या सातत्याबाबतही तेच. पाच गोळ्यांवरून वेगाचे प्रमाण विचलन १० फूट प्रतिसेकंद आले, तर ९५ टक्के विश्वासांतर साधारण ६ ते २९ असे येते. तीस गोळ्यांवरून तेच ८ ते १३ पर्यंत आकुंचित होते. पाच-पाच गोळ्यांच्या तुलनेवरून ‘हा प्राइमर अधिक सातत्याचा’ असे ठरविणे म्हणजे बहुधा योगायोगालाच गुण देणे होय.

दोष नेमका कोणाचा?

काडतूस फुसके निघाले की नवख्या नावाकडे बोट दाखविणे सोपे असते. वस्तुतः पुनर्भरणात त्याची कारणे अनेक आहेत. प्राइमर पुंगळीच्या तळापासून किंचित आत, सुमारे तीन ते पाच सहस्रांश इंच, बसावा लागतो. तो वर राहिला तर पिनचा पहिला घाव त्याला आत ढकलण्यातच खर्ची पडतो. खळगा अस्वच्छ असणे, फायरिंग पिनची स्प्रिंग अशक्त असणे, स्पर्धकाने चाप हलका करण्यासाठी स्प्रिंग बदललेली असणे, तेलाचा अंश मिश्रणापर्यंत पोचणे, ही इतर कारणे. कठीण वाटीचा प्राइमर एका बंदुकीत दगा देतो व दुसऱ्या बंदुकीत निर्वेध चालतो. म्हणून ‘प्राइमरची विश्वासार्हता’ हा खरे तर प्राइमर व बंदूक या जोडीचा गुण आहे.

निदानास एक साधी खूण साहाय्य करते. विहित वेळ थांबल्यानंतर दुसऱ्या घावाला प्राइमर पेटला, तर संशय बसविण्याच्या खोलीवर किंवा घावाच्या जोरावर जातो. खळगी पुरेशी खोल उमटूनही तो पेटतच नसेल, तर संशय प्राइमरवर येतो.

परीक्षणाची सुचविलेली पद्धत

१) लॉट क्रमांक नोंदवावा. निष्कर्ष कंपनीविषयी नव्हे, तर त्या लॉटविषयी असतो. परिचित कंपनीच्या नव्या लॉटलाही हे लागू आहे.

२) प्रथम डोळ्यांनी तपासावे. ऐरण नसलेले, वाकलेले वा रंग बदललेले प्राइमर बाजूला काढावेत. काही नमुने मोजून मापातील फरक पाहावा.

३) परिचित व अल्पपरिचित प्राइमर एकाच दिवशी, एकाच बंदुकीत, एकाच प्रकारच्या पुंगळ्यांत, यादृच्छिक क्रमाने वापरावेत. बदल एकाच घटकाचा असावा.

४) केवळ पेटण्याची परीक्षा घ्यायची असल्यास दारू व गोळी न भरता, फक्त प्राइमर बसविलेल्या पुंगळ्या रेंजवर तपासता येतात. त्यात खर्च कमी येतो. मात्र ज्वाळा दारू नीट पेटविते की नाही, हे त्यावरून समजत नाही.

५) प्राइमर बदलल्यास दारूचे प्रमाण कमी करून, प्रमाणित पुस्तिकेनुसार पुन्हा टप्प्याटप्प्याने वाढवावे. प्राइमरच्या बदलाने नळीतील दाब बदलू शकतो. विश्वासार्हतेच्या चर्चेत हा सुरक्षिततेचा मुद्दा अनेकदा मागे पडतो.

६) उपयोगानुसार निकष ठरवावा. सरावात शंभरात एक फुसका निघणे ही केवळ गैरसोय असते. स्पर्धेत त्याने पदक जाते. हिंस्र श्वापदासमोर त्याची किंमत प्राण ही असू शकते. अल्पपरिचित लॉट सरावात वापरत राहून त्याची नोंद ठेवणे, हा नमुना मोठा करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होय.

७) प्राइमर मूळ वेष्टनातच ठेवावेत. ते मोकळे एकत्र ओतल्यास एकाच्या पेटण्याने सर्व पेटू शकतात. वेष्टनातील कप्पे यासाठीच असतात. अमेरिकेतील एन.एफ.पी.ए. ४९५ या मानकात घरातील साठ्याची मर्यादा दहा हजार प्राइमर इतकी आहे. हाताळणीनंतर हात धुणे आवश्यक आहे, कारण अवशेषांत शिसे असते.

महाराष्ट्राचा संबंध

भारतात काडतुसे तयार करणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय शक्य नाही. त्यामुळे घरगुती पुनर्भरण हा येथील छंद नव्हे. परंतु लॉटच्या परीक्षेचा प्रश्न आपल्यालाही परका नाही. १८६९ पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा आयुधनिर्माणी कारखाना हे याच क्षेत्रातले आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक पटकाविले. या प्रकारांतील ०.२२ इंची काडतुसात आघातमिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते, म्हणून ते सामान्यतः पुन्हा भरता येत नाही. तेथे नेमबाज स्वतःच्या रायफलीतून निरनिराळे लॉट झाडून पाहतात आणि जुळलेला लॉट साठवून ठेवतात. नाव प्रतिष्ठित असूनही लॉट तपासावाच लागतो, हा धडा यातून मिळतो.

निष्कर्ष

१) अल्पपरिचित असणे हा दोषाचा पुरावा नसून माहितीच्या अभावाची खूण आहे.
२) लहान नमुन्यातील निर्दोषत्वावरून फार मर्यादित अनुमान निघते. १०० निर्दोष परीक्षा म्हणजे दोषप्रमाण सुमारे ३ टक्क्यांच्या आत, एवढेच.
३) पेटणे व नको तेव्हा न पेटणे या परस्परविरोधी अपेक्षा आहेत, आणि विश्वासार्हता त्यांच्या समतोलात आहे.
४) नियंत्रित तुलना न करता दोष प्राइमरवर टाकणे शास्त्रीयदृष्ट्या असमर्थनीय आहे.

समारोप

तपासताच संपणाऱ्या वस्तू केवळ काडतुसाच्या पेटीत नसतात. औषधाच्या गोळ्या, बियाण्याची पोती, सिमेंटचे ठोकळे, प्रयोगशाळेसाठी नव्या पुरवठादाराकडून आलेले रसायन, या सर्वांच्या बाबतीत आपण थोडे नष्ट करून उरलेल्यावर विश्वास ठेवतो. तो विश्वास अपरिहार्य आहे. मात्र तो किती आहे याचा आकडा माहीत असावा. त्या दिवशी फायरिंगच्या मैदानावर प्रशिक्षकांनी सर्वांना थांबविले, त्यामागे हीच जाणीव होती. ‘खट्’ असा आवाज झाला म्हणजे काडतूस निकामीच आहे, हेही त्यांनी गृहीत धरले नाही. न पेटलेल्या काडतुसासमोरही निष्कर्षाची घाई न करणे, ही सवय वर्गात शिकविता आली तर संख्याशास्त्राच्या अध्यापनाचे एक मोठे प्रयोजन साध्य होईल, असे वाटते.